क्रमांक दोनशे चोवीस

भिवंडी
१६ जून १९९७

प्रिय सुधीर,

माई बरी आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. गुडघा दुखतो म्हणते, पण भाच्याच्या नावाने लोणच्याची बरणी भरून ठेवण्याइतकी ठणठणीत आहे.

काम शाळेचं आहे. आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तुला आठवत असेल. दापोड्याच्या गोदामवाल्यांनी त्यांचा जुना झाला म्हणून शाळेला दिलेला. गेल्या दिवाळीत तू त्यात मराठीचं कार्ड बसवलंस आणि काळ्या पडद्यावर देवनागरी उमटली, तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी, केसरीनाथ सरांनी, नारळ फोडायला लावला होता. त्यानंतर मी मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर बसून जुनं जनरल रजिस्टर त्यात भरलं. १९३८ ते ५५ या वर्षांत दाखल झालेली सगळी मुलं. मार्चअखेर ते पुरं झालं. तू शिकवलंस तशी नावांची अकारविल्हे लावली, त्यामुळे आता कुणाचंही नाव क्षणात सापडतं. दाखल क्रमांकही टाकले आहेत. सर म्हणत होते, ते कशाला, यंत्र स्वतःच मोजतं. पण जे जसं लिहिलेलं तसंच उतरवायचं, असं मी ठरवलं होतं.

आता शिक्षण कार्यालयाकडून फ्लॉप्या आल्या आहेत. शाळेची माहिती त्यातल्या प्रोग्रॅममध्ये भरून ३१ जुलैपर्यंत द्यायची. तो प्रोग्रॅम नव्या विंडोजशिवाय चालत नाही. आपलं यंत्र ३८६, मेमरी चार एमबी. बाजारपेठेतल्या दुकानदाराने ऐकलं आणि हसला. "मॅडम, इस डब्बे में विंडोज पंचानबे? बैलगाडी में ट्रक का इंजन डालोगे क्या?" नवं यंत्र घेणं यंदा शक्य नाही. सर म्हणतात, तुमच्या मावसभावाला विचारा.

म्हणून विचारते. मला कार्यालयाच्या प्रोग्रॅमची काळजी नाही, त्या रजिस्टरची आहे. महिन्यात दोन-तीन माणसं पाड्यांवरून येतात आणि बापाची नाहीतर आजोबाची नोंद मागतात. पन्नास सालाच्या आधीची शाळेतली नोंद असली की जातीच्या दाखल्याची पडताळणी होते. नसली तर मुलांचं पुढचं सगळं अडतं. ती नोंद आता त्या डब्यात आहे. त्याला हात लावायचा की नाही, ते तू सांग.

तुझी
सरोजिनीताई


किन्नौर, वीजप्रकल्पाची वसाहत
२६ जून १९९७

ती. सरोजिनीताई,

लोणचं पोचेपर्यंत मी इथे राजम्यावर जगतो आहे, हे माईमावशीला अवश्य सांग.

दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही, पण बैलगाडी चालते. सावकाश चालते. चार एमबीत विंडोज सुरू व्हायला दहा मिनिटं लागतील, तेवढ्यात तुझा चहा होईल. तेरा फ्लॉप्यांचा संच वेगळ्या पार्सलाने पाठवतो आहे. सोबत एक चिठ्ठी आहे, त्यावर रोमन अक्षरांत आदेश लिहिलेला आहे. तो जसाच्या तसा टाक, तिरक्या रेघेसकट. नाहीतर यंत्र सुरुवातीलाच म्हणेल, जागा अपुरी आहे, मी काम करणार नाही. त्या आदेशाने त्याचं तोंड बंद होतं.

आधी रजिस्टरची फाइल दोन फ्लॉप्यांवर उतरवून घे. जुनं डॉस ठेवायचं का असं विचारेल, तिथे हो म्हण. शुक्रवारी बस. त्या दिवशी गल्लीतले यंत्रमागाचे लूम बंद असले की व्होल्टेज नाचत नाही, असं तूच म्हणाली होतीस.

बाकी घाबरण्यासारखं काय आहे? वाईटात वाईट म्हणजे पुन्हा टंकावं लागेल. कागद कपाटात आहेच. आणि क्रमांकांबद्दल तुमच्या सरांशी मी सहमत आहे. तू भाजीच्या यादीलासुद्धा क्रमांक घालतेस.

तुझा
सुधीर


भिवंडी
६ जुलै १९९७

प्रिय सुधीर,

पार्सल मिळालं. फ्लॉप्या तेराच्या तेरा आहेत, दोनदा मोजल्या. चिठ्ठी रोजनिशीत ठेवली आहे.

दोन फ्लॉप्यांवर फाइल उतरवली. ती नीट उतरली आहे हे कसं ओळखायचं? आठव्या फ्लॉपीवर वीज गेली तर काय? मध्येच सोडून देता येतं का? आणि एक उगाच विचारते. समजा, कागद कपाटात नसता, तर तू काय सांगितलं असतंस?

सर रोज विचारतात, "बाई, कधी बसताय?" मी शुक्रवार म्हणते. परवाचा शुक्रवार टाळला. मी सावध आहे की नुसतीच घाबरट, ते मला कळत नाही. दोन्ही माणसं बाहेरून सारखीच दिसतात.

सरोजिनीताई


किन्नौर
१६ जुलै १९९७

ती. ताई,

तुझं पत्र म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका. फ्लॉपीवरून फाइल उघडून बघ, उघडली तर उतरली. वीज गेली तर पहिल्यापासून सुरू कर. मध्येच सोडू नकोस.

कागद कपाटात नसता तर मी सांगितलं असतं, त्या यंत्राला हात लावू नकोस. दुसरं यंत्र मिळेपर्यंत कार्यालयाला थांबू दे. पण कागद आहे. तेव्हा ज्या प्रश्नाची गरज नाही तो सोडवत बसू नकोस. बस एकदा शुक्रवारी.

इकडे पाऊस आणि दरडी. साईटचा फोन चार दिवस मेलेला आहे.

सुधीर


भिवंडी
२६ जुलै १९९७, शनिवार

प्रिय सुधीर,

तुझं १६ तारखेचं पत्र आज दुपारी मिळालं. काल मी बसले होते.

काल सकाळी दहाला सुरुवात केली. बाहेर लूम बंद, गल्ली इतकी शांत की फ्लॉपी फिरण्याचा आवाज ऐकू येत होता. नवव्या फ्लॉपीला पडदा बराच वेळ हलेना. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग पुढे सरकलं. साडेतीनला ढगांचं निळं चित्र आलं. शिपाई पंढरी म्हणाला, "बाई, आलं का आभाळ?" सर खूश झाले. कार्यालयाचा प्रोग्रॅमही चालला, अगदी रखडत, पण चालला.

मग मी रजिस्टर उघडलं.

सुधीर, त्यात एकही मराठी अक्षर नाही. चौकोन, टिंबं, डोक्यावर टोप्या घातलेले इंग्रजी ए आणि ओ. आठशे बारा मुलं आणि सगळ्यांची नावं अशी. त्या दोन फ्लॉप्या घातल्या. त्यांच्यातही तेच. म्हणजे मी आधीच बिघडलेलं उतरवलं होतं, की फ्लॉप्या घातल्यावर त्याही बिघडल्या? तुझा फोन कालपासून लावते आहे, घंटीही वाजत नाही. हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवते.

आता जे सांगायचं टाळलं ते सांगते. कागद कपाटात नाही. ९ एप्रिलला जुन्या वह्यांचं कपाट रिकामं केलं. रजिस्टरला वाळवी लागली होती, ती बाकीच्यांना लागेल, असं सर म्हणाले. आणि आता तर ते कॉम्प्युटरात आहे. नष्ट करायच्या वह्यांच्या यादीवर त्यांची सही आणि खाली माझी. मैदानाच्या कोपऱ्यात पंढरीने जाळलं. मी उभी होते. तुला आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी 'समजा' घालून विचारलं. तुझं उत्तर येण्याआधी बसले, तेही मुदतीमुळेच का, हे मी कालपासून स्वतःला विचारते आहे.

आज सकाळी देवकी आली. वडप्याच्या वरच्या अंगाच्या वारली पाड्यावरची. दर पावसाळ्यात रानातली कंटोळी भाजीला घेऊन येते. तिच्या कमळीचा ठाण्याला नर्सिंगला नंबर लागला आहे. पाड्यावरची पहिलीच मुलगी.

"बाई, माज्या सासऱ्याचा नाव हाय ना तुमच्या वहीत? वाघ्या. सेहेचाळीस साली बसला व्हता शाळंत. त्याचा कागद पायजे सायबाला. पुढल्या म्हयन्यात, इस तारखेच्या आत."

मी म्हटलं, यंत्र दुरुस्तीला आहे.

"वहीत बघा की मंग. यंत्राला कशाला इचारता?"

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये. ती दारात थांबली. "हाय ना पन नाव? न्हाय तं पोरीचा नंबर जातो." मी म्हटलं, आहे. कशाच्या जोरावर म्हटलं? कंटोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवून ती गेली. मी अजून ती उघडलेली नाही.

सरोजिनीताई


किन्नौर
३ ऑगस्ट १९९७

ती. ताई,

आधी उपाय, मग बाकीचं.

अक्षरं बहुधा शाबूत आहेत. नव्या विंडोजला ते मराठीचं कार्ड ओळखता येत नाही, म्हणून तो त्यांना भलतंच समजून दाखवतो. फ्लॉप्यांचंही तेच. यंत्र बंद करून चालू कर. काळ्या पडद्यावर विंडोज सुरू होत असल्याची ओळ येईल. ती दिसताक्षणी एफ आठ ही कळ दाब. उशीर झाला तर ढग येतात, मग पुन्हा पहिल्यापासून. कळ वेळेवर लागली तर एक यादी येईल. तीत आधीचं डॉस असं सांगणारी ओळ निवड. मग यंत्र दिवाळीतल्यासारखंच होईल, कार्डासकट.

एकच भीती आहे. विंडोजमध्ये फाइल उघडलीस तेव्हा काही दुरुस्त करून ती साठवलीस का? नुसती पाहिली असशील तर काहीच बिघडलेलं नाही. साठवली असशील, तर मला सांगता येत नाही.

हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. कार्ड मी बसवलं, आणि मीच विसरलो. तू कागदाचं लपवलंस म्हणून रागवायला बसलो होतो, पण माझ्या बाजूलाही एक जागा रिकामी निघाली.

सुधीर


भिवंडी
११ ऑगस्ट १९९७

प्रिय सुधीर,

तुझं पत्र हातात घेऊन मी अर्धा तास यंत्रासमोर बसले, कळ न दाबता. त्या शुक्रवारी मी साठवलं होतं का, ते मला आठवेना. रोजनिशीत त्या दिवशी फक्त 'सगळं गेलं' एवढंच लिहिलं आहे.

सात वेळा ढग आले. पंढरी म्हणाला, "बाई, तुमी लई इचार करून दाबता." आठव्या वेळी त्याला ओळ आली की टेबलावर हात मारायला सांगितलं, आणि यादी आली. मग काळा पडदा. मग फाइल. पहिलं नाव 'अनंत', स्वच्छ मराठीत. मी साठवलं नव्हतं. पंढरीने चहा आणला, तो मी तसाच गार होऊ दिला.

हे पत्र इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

वाघ्याचं नाव लगेच सापडलं. वाघ्या बाळू, दाखल जून १९४६, जन्मतारीख एक जून, कारण त्या काळी पाड्यावरच्या सगळ्यांनाच गुरुजी एक जून लावत. आणि जातीच्या रकान्यात दोन तिरक्या टिकल्या. त्याच्या वरच्या ओळीत भलताच मुलगा, जात ब्राह्मण.

समजलं का मी काय केलं? गुरुजी पाड्यावरची मुलं एका दमात लिहीत. पहिल्या मुलापुढे जात अक्षरांत, खालच्यांना 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन टिकल्या. मी 'जसंच्या तसं' म्हणत टिकल्याही उतरवल्या. मग अकारविल्हे लावली, आणि प्रत्येक टिकली भलत्याच माणसाखाली जाऊन बसली. मोजून तीनशेहून जास्त मुलं. वाघ्या कागदावर त्या ब्राह्मण मुलाच्या जातीचा झाला आहे. महिनोन्महिने मी ती फाइल नीटनेटकी म्हणून मिरवते आहे.

सर म्हणाले, "अहो बाई, त्यात काय एवढं? 'वारली' टाका आणि सही मारा. आपल्याला ठाऊक आहे ना तो कोण?" ठाऊक आहे. पण मला ठाऊक असणं आणि रजिस्टरात असणं एक नाही. आणि उद्या मला ठाऊक नसलेला कुणी आला तर?

मग तुम्ही दोघांनी थट्टा केलेले क्रमांक आठवले. नावांऐवजी दाखल क्रमांकाने मांडणी केली. यंत्र पाच मिनिटं कुरकुरलं आणि जुनी पानं पुन्हा उभी राहिली. वाघ्या २३१. त्यावर २३०, टिकल्या. २२९, टिकल्या. मी बोट पडद्यावर ठेवून वर जात होते. २२१ ला 'सावळ्या, वारली' असं पूर्ण लिहिलेलं आहे.

पण मध्ये २२४ नाही. २२३ नंतर एकदम २२५. तिथे कुणी दुसऱ्या जातीचा मुलगा असेल, तर खालच्या साऱ्या टिकल्या त्याच्या. नक्कल देताना मी काय लिहून सही करायची?

संध्याकाळी रोजनिशीची फेब्रुवारीची पानं काढली. २७ तारखेला लिहिलं आहे, "आज २१० ते २४०. २२४ ची ओळ वाळवीने खाल्लेली. 'काशी' एवढं नाव आणि जातीच्या टिकल्या दिसतात, बाकी नाही. अपुरी नोंद भरावी का? सोडली." म्हणजे साखळी तुटत नाही. हा एकच पुरावा उरला आहे आणि तो माझ्या खासगी वहीत आहे.

त्याच पानावर खाली हेही आहे. "टंकून झालं की मूळ वही टाकायची, असं सरांनी ठरवलं आहे. वरून परवानगी लागते. मला हे चूक वाटतं. बोलले नाही."

यादीवर सही केली तेव्हा मला कळलं नव्हतं, असं आता म्हणता येणार नाही. पान फाडून वरचा अर्धा तेवढा देता येईल, हे सुचलं. सुचलं म्हणून इथे लिहून ठेवते.

देवकीला वीस तारखेच्या आत कागद हवेत. तुझं उत्तर तोवर येणार नाही. म्हणजे मी तुला विचारत नाही, सांगते आहे. या वेळी तेवढा फरक ठेवते.

सरोजिनीताई


किन्नौर
१९ ऑगस्ट १९९७

ती. ताई,

वही देऊ नकोस. सरांना सही करू दे, ते मुख्याध्यापक आहेत. टिकल्यांची साखळी दाखवली तरी पुरे, २२४ कुणी विचारणार नाही. वाघ्या वारली आहे हे खरंच आहे ना? मग खऱ्यासाठी तू स्वतःला का अडकवून घेतेस? तुझी बावीस वर्षांची नोकरी आहे.

हे पत्र वेळेत पोचणार नाही, हे मलाही कळतं. तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही. काय झालं ते ताबडतोब कळव.

सुधीर


भिवंडी
१४ सप्टेंबर १९९७

प्रिय सुधीर,

तुझं पत्र सत्तावीसला मिळालं. मी देवकीला घेऊन अठराला जातपडताळणी समितीकडे जाऊन आले होते.

छापलेली पानं, क्रमांकवार, आणि रोजनिशी अख्खी नेली. समितीतल्या साहेबांनी २७ फेब्रुवारीचं पान दोनदा वाचलं.

"हे तुमच्या हातचं?"

"हो."

"म्हणजे चूक होते आहे हे तुम्हाला तेव्हाच कळत होतं."

"हो."

त्यांनी पानाची झेरॉक्स काढायला सांगितली आणि वही परत दिली. मग विचारलं, "ही काशी कोण?" मला ठाऊक नव्हतं. दाराशी बसलेली देवकी उठली.

"काशी म्हंजी माज्या सासऱ्याची बहीन. पन ती शाळंत कवा गेली? आमाला कुनी सांगलाच न्हाय."

काशी जिवंत आहे. दुसऱ्याच दिवशी देवकी तिला घेऊन गेली. तिने अंगठा दिला, वाघ्या तिचा धाकटा भाऊ हे सांगितलं. कमळीचे कागद वीस तारखेला पोचले. ती आता ठाण्याला वसतिगृहात आहे. देवकी म्हणते, डाळ पातळ देतात म्हणून तक्रार करते.

मला नोटीस आली आहे. मूळ अभिलेख परवानगीशिवाय नष्ट करण्यात सहभाग, सात दिवसांत खुलासा. एका पानात खुलासा दिला. सर माझ्याशी कामापुरतं बोलतात. पुढे काय होईल, ठाऊक नाही. टिकल्या एकेक करून सोडवते आहे. ज्यांच्यावर पूर्ण अक्षर सापडतं त्यांच्यापुढे ते वेगळ्या रकान्यात लिहिते, मूळच्या टिकल्या पुसत नाही. शंभरेक झाल्या. माईला नोटिशीचं सांगितलेलं नाही. तूही लिहू नकोस.

परवा काशी शाळेत आली. पाठीवर धान्याचं पोतं असल्यासारखी वाकलेली, पण डोळे लख्ख. म्हणाली, "माजा नाव दाव." मी यंत्र चालू केलं, एफ आठ पहिल्याच वेळी लागलं. पण २२४ तर त्यात नव्हताच. तिच्यादेखत भरला. नाव काशी. जातीच्या रकान्यात टिकल्या. शेऱ्यात लिहिलं, 'खासगी रोजनिशीवरून, मूळ नोंद अपुरी'. बाकी सगळे रकाने मोकळे.

तिने पडद्यावर बोट टेकवलं. "ह्यो मी?"

"हो."

"बारकी व्हती मी. चार-सा दिस बसली. मंग आयशी बोलली, दोघा गेलं तं बकऱ्या कोन राखील? वाघ्या बसला, मी निंगाली."

शेवटचा रकाना 'शाळा सोडल्याचे कारण' हा आहे. माझा हात कळांवर होता. पण मूळ वहीत तिथे काय लिहिलेलं होतं, ते मी पाहिलेलं नाही. मी तो मोकळाच ठेवला.

घरी येऊन रोजनिशीत मात्र लिहिलं, तिच्याच शब्दांत, तारखेसह.

तुझी
सरोजिनीताई